पंचवीस फेऱ्या

शहरात जागतिक मैदानी स्पर्धा भरणार हे नक्की झालं तेव्हा सगळ्यात आधी भिंती रंगल्या. सगळ्या नव्हेत. विमानतळाकडून येणाऱ्या बसच्या खिडकीतून जेवढ्या दिसतील तेवढ्याच, आणि दिसतील तेवढ्याच उंचीपर्यंत. त्यामुळे आत्याच्या इमारतीचा खालचा मजला पिवळाधमक झाला आणि वरचा, म्हणजे जिथे आत्या राहायची तो, होता तसाच काळपट राहिला. टॅक्सीवाल्यांना दोन दिवस हसण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. आयुष्यात कधी न हसलेली ती माणसं एकदम दात दाखवायला लागली, तेव्हा नेहमीची गिऱ्हाईकं बिचकून पायीच जाऊ लागली. चौकातल्या न्हाव्याने दर दुप्पट केला आणि आरशाच्या कडेने पाच देशांचे झेंडे चिकटवले.

मग वर्तमानपत्रात आकडा आला. एक लाख पाहुणे येणार! हा आकडा कोणी मोजला, कसा मोजला, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. हॉटेलांत खोल्या किती, मग बाकीचे झोपणार कुठे, हे गणित जो तो आपापल्या घरी करायला बसला आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं, की आपल्याकडे. बाजारात तुरी, पण इकडे घराघरांत नव्या चादरी यायला लागल्या. जिन्याखालच्या कोपऱ्यालासुद्धा एकाने ‘निवांत स्वतंत्र कक्ष’ असं नाव देऊन टाकलं. त्या कक्षात उभं राहायचं तर आधी डोकं बाहेर ठेवून यावं लागलं असतं.

आत्याने मात्र खोली भाड्याने दिली नाही. पाहुणा घरी येतो आणि जाताना पैसे देऊन जातो, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेचना. मग तो पाहुणा कसला?

आत्या तशी सगळ्या वस्तीचीच आत्या. फक्कीआत्या म्हणायचे तिला. शहरातल्या मोठ्या मैदानावर तिने एकतीस वर्षं नोकरी केली होती. खेळाच्या सामानाची खोली तिच्या ताब्यात असायची. चेंडूंत हवा भरायची, भाले पुसून ठेवायचे, आणि शर्यतींच्या आदल्या दिवशी मैदानावर फक्की मारायची, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेषा आखायच्या. दोन खुंट्या, एक दोरी, हातात भोकं पाडलेलं डबडं, आणि पाठमोरं चालत जायचं. सरळ रेषा कोणीही आखेल. वळणावर आठही रेषा एकमेकींपासून सारख्या अंतरावर राहिल्या पाहिजेत, तिथे खरी कसोटी. आत्याच्या वळणाबद्दल एकतीस वर्षांत कोणी ब्र काढला नाही. संध्याकाळी ती घरी परतायची तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत पांढरी झालेली असायची, आणि नवरा होता तोवर तो दार उघडून म्हणायचा, “आधी झटक, मग ओळख पटव.”

पण एवढ्या शर्यती तिच्या रेषांवरून धावल्या, त्यातली एकही तिने पुरती बघितली नव्हती. इशाऱ्याचा बार झाला रे झाला की ती पुढच्या शर्यतीच्या तयारीला लागायची. अडथळे उचलून आणायचे, रिले शर्यतीचा हरवलेला दांडू शोधायचा, कोणाच्या तरी गुडघ्याला लावायला कापूस आणायचा. शर्यत तिच्या पाठीमागे चालायची. मोठा गलका झाला की तिने समजायचं, कोणीतरी जिंकलं.

ती निवृत्त झाली आणि त्याच मैदानावर नवं स्टेडियम उभं राहिलं. लाल धावपट्टी आली, तिच्यावर कायमच्या रंगाने मारलेल्या रेषा आल्या. स्पर्धेच्या समितीने जुन्या कर्मचाऱ्यांना आभाराचं पत्र पाठवलं आणि सोबत कळवलं, की तुम्हाला एका दिवसाचं एक तिकीट, कुठली शर्यत हवी ते फोन करून सांगा.

“शेवटच्या दिवसाची शंभर मीटर घ्या, मावशी,” फोनवरचा माणूस म्हणाला. “सगळे तीच मागतायत.”

“किती वेळ चालते?”

“दहा सेकंद.”

“अहो, दहा सेकंदांत माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही. सगळ्यात लांबलचक काय आहे तुमच्याकडे?”

“स्टेडियमच्या आत म्हणाल तर बायकांची दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या. अर्धा तास. पण कंटाळाल हो.”

“तीच द्या,” आत्या म्हणाली. अर्धा तास बसून राहायचं, काहीही उचलायचं नाही, आणि एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. तिला आयुष्यात एवढंच बघायचं राहिलं होतं असं नाही, पण हे राहिलं होतं खरं, आणि फार राहिलं होतं. तिकीट आलं तेव्हा तिने ते स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात, साखरेच्या बरणीला टेकवून उभं केलं. रोज सकाळी चहा घेताना ती त्याच्याकडे बघायची.

आणि मग फोन यायला लागले.

आत्याचा एक मोठा दोष होता, तिला नाही म्हणता यायचं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, तशी ही बहीण आत्याच्या घरी कायमची मुक्कामाला होती. पहिला फोन भाच्याचा. “आत्या, आमचं घर बारा दिवसांसाठी दिलंय ग पाहुण्यांना. आम्ही चौघं तुझ्याकडे येऊ?” आत्या म्हणाली, “बरं.” दुसरा फोन थोरल्या नणंदेचा. “वहिनी, आमच्या घरी परदेशी कुटुंब येतंय. मी आणि हे तुझ्याकडे येतो.” आत्या म्हणाली, “बरं.” तिसरा धाकट्या दिराचा. बायको गेल्यापासून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटाच राहायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर दिवसभर टीव्हीवर खेळ बघणं हाच त्याचा उद्योग होता. “वहिनी,” तो म्हणाला, “माझ्याकडे हातोडाफेकवाल्याचे काका उतरतायत. साधी गोष्ट नाही. तेव्हा मी तुमच्याकडे...” आत्या म्हणाली, “बरं.”

आता कोणी म्हणेल, तिने एकीला तरी दुसऱ्याचं सांगायचं. पण सगळ्यांनी विचारलं होतं ‘येऊ का’. ‘अजून कोण येतंय’ असं कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगणं तिला आगाऊपणाचं वाटलं.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी वन्सं दोन बॅगा आणि एक नवरा घेऊन वर आल्या, तर दिवाणखान्यात त्यांचा भाऊ पाय लांब करून बसलेला.

“अरे, तू इथे कसा?”

“तू इथे कशी, ताई?”

“माझं घर दिलंय मी.”

“माझंही दिलंय.”

“मग तू माझ्याकडे यायचंस!”

“मी तुझ्याकडेच येणार होतो. पण म्हटलं, तुझं घर भाड्याने गेलं असेल.”

तेवढ्यात भाचा, त्याची बायको आणि जुळ्या मुली चार उशा घेऊन जिना चढताना दिसल्या. वन्संनी आत्याकडे बघितलं. आत्याने खिडकीबाहेर बघितलं. अख्खं शहर पाहुण्यांना घर देऊन कुठे जाणार होतं, हा प्रश्न त्या क्षणी पहिल्यांदा कोणाच्या तरी मनात आला असेल तर तो वन्संच्या. पण त्या शहाण्या बाई. प्रश्न गिळून त्यांनी खिडकीजवळची खाट धरली.

दोन खोल्या, एक दिवाणखाना, एक न्हाणीघर, आणि आठ माणसं. वन्संच्या नवऱ्याने न्हाणीघराचं वेळापत्रक करून दारावर चिकटवलं. त्यात आत्याचं नाव राहून गेलं. तो मितभाषी गृहस्थ होता, दिवसभर शब्दकोडी सोडवायचा, आणि अडलं की नुसतं विचारायचा, “चार अक्षरी, न संपणारं?” वन्सं म्हणायच्या, “तुमचं कोडं.”

दुसऱ्या दिवशी दाराशी एक परदेशी बाई येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, काटक, कापलेले पांढरे केस, उन्हाने भाजलेलं नाक, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर आत्याच्याच आतल्या खोलीचा फोटो होता.

भाचा मान खाली घालून पुढे आला. “आत्या, तू रागावशील म्हणून बोललो नाही. एवढी मागणी आहे, खोली नुसती पडून... तुझं नाव नाही घातलं हं. फक्त ‘प्रेमळ यजमानीण’ असं लिहिलंय.”

“आणि प्रेमळ यजमानीण झोपणार कुठे?”

“तू काय ग, तुला कुठेही झोप लागते.”

हे मात्र खरं होतं. त्या दिवसापासून आत्याचं अंथरूण स्वयंपाकघरात, काचेच्या कपाटाच्या पायथ्याशी पडलं. तिथून तिकीट दिसायचं, म्हणून तिने तक्रार केली नाही.

परदेशी पाहुणी अशी स्पर्धा जिथे भरेल तिथे दर वेळी जायची, हे तिच्या मोबाइलमधल्या बाईने सांगितलं. ही मोबाइलमधली बाई पाहुणीच्या भाषेतलं ऐकून आपल्या भाषेत बोलायची, पण फार औपचारिक. “आपले गृह मला संतोष देते,” असं म्हणाली की जुळ्या पोट धरून हसायच्या. पाहुणी सकाळी स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करायची, चहा प्यायली की कप विसळून, पुसून, पालथा घालून जायची. बाकीच्यांचे कप जिथल्या तिथे असायचे. एकूण घरात पैसे देऊन राहणारी एकच होती आणि काम करणारीही, आत्या सोडली तर, तीच एक.

बाकी मंडळी आयत्या बिळात मस्त होती. दिवसभर टीव्ही चालायचा. स्टेडियम बसने वीस मिनिटांवर, पण तिकडे कोण जाणार? टीव्हीवर जवळून दिसतं, पुन्हा पुन्हा दिसतं, आणि आत्या चहा आणून देते. रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने आपापल्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगायच्या. वन्संचं परदेशी कुटुंब म्हणे इतकं सभ्य, की भांडतानासुद्धा कुजबुजतं. भावजींचे हातोडाफेकवाले काका तर रोज न्याहारीला सहा अंडी खायचे. “आणि घोरतात असे,” भावजी म्हणायचे, “की शेजारीण मला फोन करून विचारते, घरात काय चालवलंय?”

सहा अंडी खाणारा माणूस आत्याच्या मनात घर करून बसला. कोणाचाही असो, पाहुणा तो पाहुणा. एकट्या पुरुषाच्या घरात त्याला गरम काय मिळत असेल? पाचव्या दिवशी सकाळी तिने सहा अंड्यांचं ऑम्लेट केलं, डब्यात भरलं, वर पाव ठेवले आणि कोणाला न सांगता दोन बस बदलून भावजींच्या घरी गेली.

दाराला कुलूप होतं. दारावर पुठ्ठ्याची पाटी, पोस्टाच्या वळणदार अक्षरांत ‘सुस्वागतम्’, भोवती रंगीत कागदाची झालर. दाराशी पाच दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली. आत्याने काचेला नाक लावून आत बघितलं. दोन पलंग ओळीने लावलेले, नव्या चादरींच्या घड्या अजून न मोडलेल्या. प्रत्येक उशीवर गुंडाळलेला टॉवेल, टॉवेलवर साबणाची वडी. मधल्या टेबलावर भांड्यात फळं. केळी काळी पडलेली. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, आणि शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. पाहुण्याने आपलं गाव कुठे ते दाखवावं म्हणून.

“कोण पाहुणे हो?” शेजारीण बाहेर येऊन म्हणाली. “आलेत कुठे! स्पर्धेच्या आदल्याच दिवशी नको म्हणून कळवलं त्यांनी. यांनी बिचाऱ्यांनी महिनाभर घर घासलं. नळसुद्धा नवे बसवले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेतली आणि गेले कुठेतरी. तुम्ही कोण त्यांच्या?”

“वहिनी,” आत्या म्हणाली, आणि पायरीवर बसली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, तरी माणूस निदान तोंड पाडून बसतो. भावजी पाच दिवस, न आलेल्या माणसाचं घोरणं रंगवून सांगत होते. आत्याला आधी खूप हसू आलं. मग तो नकाशा आणि ते दोऱ्याने बांधलेलं पेन आठवलं आणि हसू थांबलं. एवढी वाट बघितलेल्या घरात परत एकटं जाऊन त्या घड्या मोडायच्या, हे त्यांच्याने होत नव्हतं, दुसरं काय? तिने डबा उघडला आणि तिथेच बसून तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं. उरलेलं शेजारणीला दिलं. घरी येऊन ती एक शब्द बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडणारी आपण कोण?

त्याच संध्याकाळी भावजी साखर घ्यायला स्वयंपाकघरात आले आणि त्यांची नजर तिकिटावर गेली.

“दहा हजार मीटर! वहिनी, हे तुमच्याकडे आहे आणि तुम्ही बोलला नाहीत?” त्यांचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खरं बोलत होते. कोण कुठल्या फेरीला वेग वाढवते, कोण वाऱ्याच्या आडोशाने धावते, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाले, “पण तुम्ही अर्धा तास तिथे बसून काय करणार? तुम्हाला त्यातले बारकावे कळायचे नाहीत. मी जातो. येऊन सगळं समजावून सांगतो. चालेल?”

आत्याच्या डोळ्यांपुढे ती काळी पडलेली केळी होती. “बरं,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच कळेना, आपण हे काय केलं. भावजी तिकीट खिशात घालून गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला कपाटात नुसती बरणी दिसली. तिला राग आला. भावजींचा थोडा आणि स्वतःचा फार.

शर्यत आठव्या दिवशी संध्याकाळी पाचला होती. दुपारी तीन वाजता आत्या ओट्यापाशी उभी राहून बटाटे सोलत होती. नऊ माणसांचे बटाटे म्हणजे डोंगरच. पाहुणी टोपी घालून, पाण्याची बाटली लटकवून तयार होऊन आली. चहाचा कप विसळला, पुसला, आणि मोबाइल तोंडाशी धरला.

“आपण स्पर्धा पाहण्यास येत नाही काय?” मोबाइलमधली बाई म्हणाली.

“कामं आहेत,” आत्या म्हणाली.

मोबाइलने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. पाहुणीने मान वळवून दिवाणखान्यात बघितलं. वन्सं खाटेवर आडव्या होत्या. त्यांचा नवरा कोड्यात होता. भाचा टीव्हीपुढे, त्याची बायको मोबाइलपुढे, जुळ्या एकमेकींच्या पायांवर पाय टाकून पडलेल्या. भावजी आरशासमोर काळा चष्मा लावून बघत होते. सात माणसं, आणि सात रिकामे कप. पाहुणीने परत आत्याकडे बघितलं, सोललेल्या बटाट्यांकडे बघितलं. काही बोलली नाही. आपला कप पालथा घातला आणि निघून गेली.

ते बघणं आत्याला झोंबलं. कोणी चार शब्द सुनावले असते तर तिने दुसऱ्या कानाने सोडून दिले असते. न बोललेलं कुठून सोडणार? तिने सुरी ठेवली, हात धुतले, पुसले, आणि दिवाणखान्यात जाऊन उभी राहिली.

“भावजी, तिकीट द्या.”

“अं? बघायचंय?”

“बघायचं नाही. जायचंय. ते तिकीट माझं आहे आणि मला जायचंय.”

टीव्हीचा आवाज कोणीतरी कमी केला. वन्सं उठून बसल्या. आत्याच्या तोंडून असलं वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. तिने स्वतःसुद्धा नाही. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“पण वहिनी, तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. चुकलं माझं.”

“आणि स्वयंपाक?” वन्संनी विचारलं.

“बटाटे अर्धे सोललेत. अर्धे उरलेत. हात सगळ्यांना आहेत.”

भावजी हटून बसले. “अहो, मी सगळा अभ्यास केलाय या शर्यतीचा. तुम्हाला तिथे काही कळणार नाही, उगाच उन्हात...”

आत्या त्यांच्याजवळ गेली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “भावजी, मी मंगळवारी तुमच्याकडे गेले होते. काकांसाठी अंडी घेऊन.”

भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काळ्या चष्म्याआड डोळे कुठे गेले ते दिसलं नाही. त्यांनी खिशातून तिकीट काढलं, हाताने सपाट केलं आणि तिच्या हातात दिलं.

“मी कोणाला बोलले नाही, बोलणारही नाही,” आत्या तितक्याच हळू म्हणाली. “तिकीट दिलं नसतं तरीही बोलले नसते. पण मला जायचंय हो.”

स्टेडियममध्ये एक लाख माणसं नव्हती. एक तृतीयांश खुर्च्या भरल्या होत्या, आणि त्यातल्याही निम्म्या, पिवळे सदरे घालून बसने आणलेल्या शाळेतल्या मुलांनी. आत्याची खुर्ची वळणासमोर होती. तिने आधी चष्मा पुसला. मग रेषा बघितल्या. आठही सारख्या अंतरावर होत्या. यंत्राने आखलेल्या असतील, पण चांगल्या होत्या, हे तिने कबूल केलं.

बार झाला. एकवीस बायका निघाल्या, आणि सवयीने आत्या उठली. पुढची शर्यत, अडथळे, दांडू... मग तिच्या लक्षात आलं, की उचलायला काहीच नाही. ती खाली बसली. शेजारच्या मुलीने विचारलं, “आजी, काय झालं?” आत्या म्हणाली, “काही नाही. सवय मोडतेय.”

पाचव्या फेरीपर्यंत तिला सगळ्या सारख्याच वाटल्या. दहाव्या फेरीला ओळखीच्या झाल्या. एकजण सारखी मागे वळून बघायची. एक हात छातीशी आवळून धावायची. बाराव्या फेरीला पिशवीत फोन वाजला, भाचा होता. तिने तो बंद केला आणि पिशवीच्या तळाशी टाकला. एवढ्या पावलांचा आवाज होतो हे तिला माहीत नव्हतं. वळणावरून घोळका जायचा तेव्हा पोत्यातून धान्य ओतल्यासारखा आवाज यायचा, आणि मग श्वासांचा. टीव्हीवर हा कधी आला नव्हता. एकतीस वर्षं तो तिच्या पाठीमागे होत होता आणि तिने कधी मान वळवली नव्हती. आत्याला रडू आलं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण पुसताना एखादी फेरी चुकली असती.

सगळ्यात मागे एक बुटकी मुलगी होती. हिरवा बनियन, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. बाकीच्यांनी तिला एकदा मागे टाकलं, मग दुसऱ्यांदा. घोळका आला की ती बाजूला सरायची, वाट द्यायची, आणि परत आपल्या वेगाने सुरू. आत्या तिच्यावरून नजर हटवेना.

पंचवीस फेऱ्या झाल्या. पहिली आली, गलका झाला, झेंडे फडकले, छायाचित्रकार धावले. मग बाकीच्या आल्या, लाल जमिनीवर कोसळल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लोक उठायला लागले. करड्या कपड्यांतले कामगार गाडीवर पुढच्या शर्यतीचे अडथळे घेऊन धावपट्टीच्या कडेला आले. त्यातली एक बाई अडथळा काखेत मारून, शर्यतीकडे पाठ करून, भराभरा चालत होती.

आणि हिरव्या बनियनच्या मुलीच्या दोन फेऱ्या अजून बाकी होत्या.

“अहो, थांबा!” आत्या उभी राहून ओरडली. “अजून आहे ती! धावतेय अजून!”

करड्या कपड्यांतल्या बाईला ते ऐकू गेलं की काय, कोण जाणे. पण तिने वळून बघितलं. मग अडथळा खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आत्या टाळ्या वाजवत होती. शेजारच्या मुलीने सुरू केल्या, मग पिवळ्या सदऱ्यांची पूर्ण रांग, मग पुढची रांग. शेवटच्या वळणावर त्या मुलीने मोजा वर ओढला आणि जी काही ताकद उरली होती ती काढून धावली. ती रेषा ओलांडेपर्यंत आत्या बसली नाही.

घरी पोचली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात भावजी बाह्या सरसावून पातेल्याचं बूड खरवडत होते. भाचा भांडी पुसत होता. जुळ्यांनी सगळे कप धुऊन पालथे घातले होते, आणि पहिली आल्याबरोबर गर्दीआधीची बस धरून परतलेली पाहुणी त्यांना पुसायचं कसं ते शिकवत होती. टेबलावर ताटं मांडलेली होती. कुठल्या भाजीचं काय झालं होतं हे सांगणं कठीण होतं.

भावजी हात पुसत बाहेर आले. त्यांनी आत्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं.

“वहिनी, एक विचारू? ती शेवटची होती ना, हिरव्या बनियनवाली. टीव्हीवाल्यांनी पहिलीला दाखवलं आणि जाहिराती लावल्या. नंतर थेट अडथळ्यांची शर्यत. आम्ही वाट बघत बसलो. तिचं काय झालं? पोचली का ती?”

सगळे आत्याकडे बघत होते. कोणाला बारकावे समजावून सांगायचे नव्हते. त्यांना फक्त हे एकच हवं होतं, आणि ते घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

“पोचली,” आत्या म्हणाली. “सगळ्यांच्या मागून, पण सगळ्या फेऱ्या पुऱ्या करून. मी शेवटपर्यंत उभी होते.”

भावजींनी मान हलवली. मग म्हणाले, “मी उद्या घरी जातो. माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं. काका नाहीत, घोरणं नाही, काही नाही.”

वन्संच्या नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. “आपलेही मंगळवारीच गेले,” तो म्हणाला. आठ दिवसांतलं त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य. वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर विरघळला असता. मग त्याच म्हणाल्या, “गेले हो. नळाला पाणी कमी येतं म्हणाले. आता लोकांना काय सांगायचं होतं?”

“आमचे आहेत,” भाचा म्हणाला. “त्यांना घर इतकं आवडलंय, की अजून महिनाभर राहायचं म्हणतायत.”

आधी भावजी हसले. मग जुळ्या, मग सगळेच. पाहुणीला मोबाइलमधल्या बाईने काय सांगितलं देव जाणे, पण तीही हसली. आत्या इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. हसू ओसरलं आणि सगळ्यांना भूक आठवली. वन्संनी सवयीप्रमाणे ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “चला वहिनी, वाढ आता.”

आत्या खुर्चीतून हलली नाही.

“वन्सं,” ती म्हणाली, “आज तुम्ही वाढा.”

वन्सं उठल्या आणि त्यांनी पहिलं ताट आत्याचं वाढायला घेतलं.